आधी जागा, मग कारण: आगीच्या तपासात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

"प्राथमिक अंदाजानुसार शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचे समजते." आगीच्या बातमीचा हा ठरलेला शेवट. बऱ्याचदा गाळ्यातून धूर निघत असतानाच हे वाक्य तयार असते. तेच पुढे पंचनाम्यात उतरते, तिथून विम्याच्या कागदांत जाते, आणि दोन-तीन वर्षांनी न्यायालयात कोणी 'कशावरून?' असे विचारले तर सांगण्यासारखे एकच असते: वायरी जळालेल्या होत्या. आगीत वायरी जळणारच.

त्या 'कशावरून'चे उत्तर द्यायची पाळी ज्यांच्यावर नव्याने येणार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अग्निशमन दलातले नवे अधिकारी, पहिल्यांदाच आगीचा पंचनामा करणारे उपनिरीक्षक, विम्याचे सर्वेअर, न्यायवैद्यक शाखेचे विद्यार्थी. जगभर या कामात अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेची 'एनएफपीए ९२१' ही मार्गदर्शिका प्रमाण मानली जाते. ती १९९२ मध्ये पहिल्यांदा निघाली आणि तिचा गाभा साधा आहे: माहिती गोळा करा, तिच्यावरून शक्यता मांडा, प्रत्येक शक्यता पुराव्यावर तपासून पाहा, आणि टिकेल तेवढेच बोला. खाली जे लिहिले आहे ते याच चौकटीतले, पण आपल्याकडच्या जागा आणि आपल्याकडची यंत्रणा डोळ्यांसमोर ठेवून.

प्रश्न वेगळे करा

'आगीचे कारण काय?' हा एक प्रश्न नाही. आग कुठे लागली, कशाने लागली, कशामुळे पसरली, माणसे कशामुळे दगावली आणि याला जबाबदार कोण, हे पाच प्रश्न आहेत. ते एकात एक मिसळले की तपास बिघडतो.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर झालेले स्फोट आपल्याला माहीत असतात, कारण त्या दिवसाच्या स्मरणार्थच देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आग क्रमांक दोनच्या कप्प्यात लागली, हे ठाऊक आहे. तिथे कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता, हेही ठाऊक आहे. गाठी नेमक्या कशाने पेटल्या, विडी-सिगारेटने की आणखी कशाने, यावर मात्र अंदाजच आहेत. ठिणगीचा पत्ता लागला नाही तरी विनाश एवढा मोठा का झाला याचे उत्तर पक्के मिळू शकते, ते असे. उलटही घडते. ठिणगी सापडते आणि तेवढ्यावर फाईल बंद होते. जिन्यात रचलेल्या खोक्यांमुळे लोक अडकले हे कोणी लिहीतच नाही.

पाचवा प्रश्न, जबाबदारीचा, तुमचा नाही असे समजूनच कामाला लागा. तो न्यायालयाचा आहे.

जळलेली भिंत काय सांगते आणि काय सांगत नाही

प्रत्यक्ष पायऱ्यांकडे जाण्याआधी इथे थोडे थांबावे लागेल, कारण चुकीच्या निष्कर्षांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

खोलीत एका कोपऱ्यात आग लागली की गरम धूर छताला जाऊन साचतो. त्याचा थर जाड होत खाली येतो, तापत जातो आणि वरून खोलीतल्या सगळ्या वस्तूंवर उष्णतेचा मारा करतो. या थराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसला पोचले की सोफा, पडदे, जमिनीवरची चटई, सगळे जवळजवळ एकाच वेळी पेट घेते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. फोमचा सोफा आणि कृत्रिम धाग्याचे पडदे असलेल्या आजच्या खोलीत तीन ते पाच मिनिटांतही हे होऊ शकते.

फ्लॅशओव्हरच्या आधी आगीचा कारभार इंधन ठरवते. जिथे पेटले तिथे जास्त जळते, भिंतीवर वर पसरत जाणारी 'व्ही'सारखी खूण उमटते, आणि ती वाचून उगमापर्यंत जाता येते. फ्लॅशओव्हरनंतर कारभार हवेच्या हातात जातो. खोलीत इंधन भरपूर, प्राणवायू अपुरा. मग जिथून हवा आत येते तिथे, म्हणजे दार, फुटलेली खिडकी, अर्धवट उघडे शटर यांच्याजवळ सर्वांत जोरात जळते. तिथेही भिंतीवर 'व्ही' उमटते आणि जमिनीला भगदाडे पडतात, मग आग पलीकडच्या कोपऱ्यात लागलेली का असेना.

हा फरक अनुभवी माणसांनाही किती चकवतो, याची परीक्षा २००५ मध्ये लास वेगासला झाली. बेडरूमएवढ्या दोन खोल्या सामान भरून पेटवल्या आणि फ्लॅशओव्हर झाल्यावर सुमारे दोन मिनिटे जळू देऊन विझवल्या. मग प्रशिक्षणासाठी आलेल्या ५३ तपासनिसांना विचारले: आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात लागली? प्रत्येक खोलीसाठी बरोबर उत्तर देणारे निघाले फक्त ३. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी तेराएक जणांचे उत्तर बरोबर आले असते. म्हणजे ही माणसे नुसती चुकली नव्हती, बहुतेकांना जळालेल्या खुणांनीच चुकीच्या बाजूला नेले होते.

त्याच्या आधीचा, १९९० चा फ्लोरिडातला जॅक्सनव्हिलचा लाइम स्ट्रीटवरचा खटला तर या क्षेत्राला वळण देणारा ठरला. घराच्या आगीत सहा जण गेले. जमिनीवर द्रव ओतून पेटवल्यासारखे डाग होते, म्हणून वाचलेल्या घरमालकावर खुनाचा आरोप आला. मुलाने खेळता खेळता सोफा पेटवला, असे तो सांगत होता. शेजारी तशाच बांधणीचे, पाडायला काढलेले घर होते. सरकारी पक्षाच्याच तज्ज्ञांनी ते तसेच सजवले, सोफा पेटवला आणि घड्याळ लावले. साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला. विझवल्यावर जमिनीवर तेच 'ओतल्यासारखे' डाग होते, थेंबभरही पेट्रोल न ओतता. आरोप मागे घेतले गेले.

टेक्सासमधल्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या नशिबी असा प्रयोग आला नाही. १९९१ च्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या, अशाच खुणांच्या आधारे तो दोषी ठरला आणि २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. त्या तपासातले निष्कर्ष शास्त्राला धरून नव्हते, असे पुढे अनेक अग्निशास्त्रज्ञांनी सांगितले.

तेव्हा पूर्वी पोरासोरांनाही पाठ असलेल्या काही समजुती आता सोडून द्यायच्या आहेत:

काचेवर बारीक जाळीदार तडे म्हणजे ज्वालाग्राही द्रव, ही त्यातली पहिली. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणव्यात हजारो घरे जळाली. तिथे कोणी घरोघर पेट्रोल ओतत फिरले नव्हते, हे उघड आहे. तरी तशा काचा सापडल्या. तापलेल्या काचेवर होजचे पाणी पडले की असे तडे जातात, हे नंतर प्रयोगांनी दिसले.

मगरीच्या पाठीसारखे मोठे चकचकीत चौकोन पडलेला कोळसा म्हणजे आग झपाट्याने वाढली, यालाही आधार नाही. काँक्रीटचे पोपडे उडणे हेही पेट्रोलचे लक्षण नव्हे. काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ आणि तापमानातला फरक त्याला पुरतो. तांबे १,०८५ अंशांना वितळते, म्हणून वितळलेली तांब्याची वायर पाहून 'एवढी उष्णता साध्या आगीत कशी?' असे विचारणारे अजून भेटतात. साध्या घरगुती आगीतही फ्लॅशओव्हरनंतर तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते, आणि वितळलेले ॲल्युमिनियम तांब्यावर ठिबकले तर ते तांबे त्याहून बऱ्याच कमी तापमानाला ओघळते. पेट्रोलची ज्वाला लाकडाच्या ज्वालेपेक्षा फारशी गरम नसतेच. ते पटकन पेटते, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष काम. डोळ्यांसमोर भिवंडीच्या बाजूचा एखादा कापडाचा गाळा आणा: पुढे शटर, मागे छोटी खिडकी, आत लोखंडी पोटमाळा, खाली टेबल, कपाट आणि तागे.

पायरी १: जागा ताब्यात घ्या, आणि तिच्यात जिवंत राहा

आग विझवतानाच पुराव्याची निम्मी मोडतोड होते, आणि तिला इलाज नाही. टाळता येते ती नंतरची. कुलिंग (विझलेल्या जागेवर पाणी मारून ती गार करणे) झाल्यावर सगळा मलबा फावड्याने रस्त्यावर फेकण्याची घाई असते, आणि मालकालाही साफसफाई उरकायची असते. दलाच्या अधिकाऱ्याला सांगून जिथे जास्त जळाले आहे तिथला मलबा शक्यतो जागच्या जागी उलथवून विझवायला लावा. दोरी बांधा, पहारा ठेवा, आत कोण किती वाजता गेले याची वही सुरू करा.

तुम्ही आत जाण्याआधी वीज खांबावरून तोडली आहे का, हे स्वतः पाहा. मेन स्विच पाडला म्हणजे झाले असे नाही; इन्व्हर्टरची बॅटरी आणि छतावरचे सौर पॅनेल स्वतंत्रपणे जिवंत असतात. पोटमाळ्यावर पाणी प्यालेले कापड असेल तर त्याचे वजन कितीतरी वाढलेले असते आणि खालचे लोखंड उष्णतेने आधीच वाकलेले असते. जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. आग विझल्यावरही मलब्यातून विषारी वायू निघत राहतात. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही; योग्य फिल्टरचा मास्क, हेल्मेट, जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे लागतात.

पायरी २: आधी ऐका

खणायला सुरुवात करण्याआधी माणसांशी बोला, कारण आठवण मलब्यापेक्षा लवकर बिघडते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीची एकच गोष्ट तयार झालेली असते.

पहिली वर्दी कोणी, किती वाजता दिली? पहिला बंब पोचला तेव्हा ज्वाला कुठून दिसत होत्या, शटरमधून की मागच्या खिडकीतून? कुलूप होते की दलाने तोडले? प्रत्येक साक्षीदाराला तो कुठे उभा होता ते विचारा आणि तिथे जाऊन स्वतः उभे राहा. रस्त्यावरून दिसलेली 'पहिली' ज्वाला बऱ्याचदा काच फुटून बाहेर आलेली ज्वाला असते. आत ती बऱ्याच आधीपासून असू शकते. 'शॉर्ट सर्किट झाले' असे कोणी म्हटले तर ते लिहून घ्या, पण लगेच पुढे विचारा: डोळ्यांनी काय पाहिले? दिवे लुकलुकले? ठिणग्या दिसल्या? की जळका वास आला? तुम्हाला हवे ते यातले, मत नको.

मोबाइलवरच्या चित्रफिती मूळ फाइलच्या रूपात मिळवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत मूळ वेळेची नोंद गेलेली असते. सीसीटीव्हीचे घड्याळ बहुधा मागे-पुढे असते, म्हणून डीव्हीआरवरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरची) वेळ आणि खरी वेळ यांतला फरक तिथेच नोंदवा आणि डीव्हीआर लवकर ताब्यात घ्या. त्यावर नवे चित्रण चढत राहते. असा पुरावा न्यायालयात न्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. ते मागाहून जमवताना दमछाक होते.

पायरी ३: बाहेरून आत, कमी जळालेल्याकडून जास्त जळालेल्याकडे

आधी इमारतीभोवती पूर्ण फेरी मारा. चारही बाजू, छत, मीटर बोर्ड, आजूबाजूचे गाळे. मग आत शिरताना कमी जळालेल्या भागातून जास्त जळालेल्या भागाकडे जा. नवखा माणूस थेट सर्वांत मोठ्या भगदाडाकडे धावतो, आणि तिथे पोचल्यावर त्याला बाकीचे दिसत नाही.

प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो, मग छत, मग जमीन. जवळचा फोटो घ्यायचा तर आधी त्याच वस्तूचा लांबचा घ्या, नाहीतर महिनाभराने ते कोणत्या भिंतीवरचे सॉकेट होते हे तुम्हालाच सांगता येणार नाही. नकाशा हाताने काढला तरी चालेल, पण मापे टेपने घेतलेली हवीत. न जळालेल्या गोष्टींचेही फोटो घ्या. शेजारच्या खोलीतला शाबूत पंखा पुढे कधी कामी येईल सांगता येत नाही.

दारे-खिडक्या आगीच्या वेळी उघड्या होत्या की बंद? बिजागऱ्या आणि चौकटीच्या कडा पाहा. दार बंद असेल तर कडेची पट्टी धुराविना स्वच्छ राहते. फ्लॅशओव्हरबद्दल आधी सांगितले त्याचा उपयोग इथेच होतो: हवा कुठून येत होती हे कळल्याशिवाय खोल जळालेल्या जागेचा अर्थ लावू नका. आपल्या गाळ्यात शटर अर्धे वर होते असे कळले आणि शटरजवळच सर्वांत जास्त जळाले असेल, तर ती जागा उगमाची नसून हवेच्या वाटेवरची असू शकते.

पायरी ४: उगमाचा परिसर ठरवा

आता चार गोष्टी एकमेकींसमोर ठेवा: साक्षीदारांचे सांगणे, जळाल्याच्या खुणा, आगीचे शास्त्र, आणि विजेच्या वायरींवरच्या ठिणगीच्या खुणा. चारही एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवत असतील तर छान. नसतील तर परिसर मोठा ठेवा. 'गाळ्याचा मागचा अर्धा भाग' हे उत्तर चालते. खोटी अचूकता चालत नाही.

वायरींच्या खुणांबद्दल थोडे. चालू वायरीचे आवरण आगीत जळाले की आतल्या तारा एकमेकींना लागतात, ठिणगी पडते आणि तांब्यावर छोटा गोल मणी तयार होतो. त्याच्या कडेला वितळलेले आणि न वितळलेले तांबे यांच्यात स्पष्ट रेषा दिसते. नुसत्या उष्णतेने वितळलेली तार हळूहळू बारीक होत ओघळते. मणी सापडला याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी त्या वायरीत वीज होती. आग त्या ठिणगीने लागली की आगीने ती ठिणगी पाडली, हे मणी सांगत नाही, आणि पंचनाम्यातले 'शॉर्ट सर्किट' नेमके इथेच घसरते. मात्र एकाच सर्किटवर अनेक ठिकाणी मणी असतील तर पुरवठ्यापासून सर्वांत लांबचा बहुधा आधीचा असतो, कारण अलीकडे वायर तुटली की पलीकडे वीजच जात नाही. उगम शोधायला याची मदत होते. तज्ज्ञांत यावर मतभेद आहेत, म्हणून एवढ्या एकाच पायावर निष्कर्ष उभा करू नका. कोणता एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला होता आणि कोणता चालू होता, याचा फोटो हात लावण्याआधी घ्या.

पायरी ५: थर उलगडा

उगमाचा परिसर दोरीने साधारण मीटर-मीटरच्या चौकोनांत विभागा, चौकोनांना क्रमांक द्या. मलबा वरून खाली, थराथराने, हाताने आणि करणीने काढा. फावड्याचे काम संपले. छताचे पत्रे आणि पीओपी वर, त्याखाली पोटमाळ्यावरचा माल, त्याखाली टेबल. काय कशाच्या खाली सापडले यावरून आधी काय कोसळले हे कळते. प्रत्येक थराचा फोटो. काढलेला मलबा चाळणीतून जाऊ द्या. काडीचा तुकडा, रेग्युलेटरची स्प्रिंग, चार्जरची पिन चाळणीतच सापडतात.

जमीन उघडी झाली की झाडून, गरज पडल्यास हलके पाणी मारून स्वच्छ करा. कपाटाच्या पायांखालची जागा न जळालेली राहते. त्या ठशांवरून सामान पुन्हा मूळ जागी मांडून पाहा. कष्टाचे काम आहे, पण टेबल जागेवर उभे केले की ते कोणत्या बाजूने जास्त जळाले हे एकदम दिसते.

पायरी ६: कारण शोधताना

कारण म्हणजे चार गोष्टींची जुळणी: पहिल्यांदा पेटलेली वस्तू, तिला पेटवणारी उष्णता, प्राणवायू, आणि या तिघांना एकत्र आणणारी परिस्थिती. 'शॉर्ट सर्किट' यातले फक्त दुसरे उत्तर आहे, तेही अर्धे. पहिली वस्तू काय पेटली? पीव्हीसीचे आवरण, त्याखालची कापडाची लड, की टेबलाखालचा कचरा? ठिणगीत तिला पेटवण्याइतकी उष्णता होती का, आणि ती पुरेसा वेळ टिकली का?

काही उगम आपल्याकडे वारंवार भेटतात. सैल झालेला सॉकेट किंवा मीटर बोर्डातला ढिला न्यूट्रल हा माझ्या मते शॉर्ट सर्किटपेक्षा जास्त लक्ष देण्याजोगा. तिथे प्रवाह तोच राहतो, एमसीबी पडत नाही आणि सांधा तापत राहतो. ई-स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला असेल तर सेलचे धातूचे डबे मोजून जपा. देव्हाऱ्यातले निरांजन, डास पळवायची कॉइल, उदबत्ती, दिवाळीत गॅलरीत येऊन पडलेले रॉकेट. न विझवता टाकलेली सिगारेट कापसाच्या गादीत पडली तर तासभर किंवा त्याहून जास्त नुसती धुमसत राहू शकते; आग दिसण्याच्या दहा मिनिटे आधी तिथे कोण होते एवढेच विचारून भागत नाही.

ठिणगीच नसते अशाही आगी आहेत. ओलसर गवताची गंजी, साखर कारखान्यातला बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) ढीग आतल्या आत तापतो आणि पेटतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या, चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्याही तसेच करतात. अशा ठिकाणी जळालेला भाग ढिगाच्या पोटात असतो, वरून आत नव्हे.

'सिलिंडरचा स्फोट' हा बातम्यांतला दुसरा लाडका शब्दप्रयोग. घटनास्थळी जाऊन सिलिंडर पाहा: तो बहुधा अखंड असतो. गळलेला गॅस खोलीत साठून पेटला, असे झालेले असते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खाली पसरतो, मोरीत आणि शेजारच्या खोलीत जातो, आणि हवेत साधारण २ ते ९ टक्के असेल तेव्हाच पेटतो. रेग्युलेटरची खुंटी, शेगडीच्या खुंट्या, रबरी नळी, सगळ्यांची स्थिती जशी सापडली तशी नोंदवा. सिलिंडर खरोखरच फाटलेला असेल, तर तो आगीत तापून फाटला का हे आधी पाहा. तसे असेल तर तो परिणाम आहे, कारण नव्हे.

पायरी ७: नमुने

ज्वालाग्राही द्रवाचा संशय असेल तर नमुना साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. पॉलिथिनमधून पेट्रोलची वाफ निघून जाते, आणि बाहेरची आत येते. घट्ट झाकणाचा स्वच्छ धातूचा डबा, काचेची बरणी किंवा त्यासाठीच बनवलेली नायलॉनची पिशवी वापरा. डबा दोन-तृतीयांशच भरा, कारण प्रयोगशाळेत वरच्या मोकळ्या जागेतली वाफ तपासली जाते. नमुना भगदाडाच्या मधून नव्हे, कडेवरून, लाद्यांच्या फटीतून, स्कर्टिंगखालून घ्या. द्रव तिथे टिकतो. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे. दलाचा जनरेटर आणि कटर यांत पेट्रोल भरायचे ते दोरीच्या बाहेर.

तुलनेचा नमुना मात्र बहुतेक जण विसरतात. त्याच प्रकारच्या, पण संशय नसलेल्या जागेवरच्या चटईचा किंवा फोमचा तुकडा वेगळ्या डब्यात द्या. प्लास्टिक आणि फोम जळतानाच कितीतरी हायड्रोकार्बन तयार होतात. तुलना नसेल तर सीए रिपोर्टमधले (प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातले) 'हायड्रोकार्बन आढळले' कोणत्याही बाजूला ओढता येते. रिपोर्ट पेट्रोल म्हणाला तरी गाळ्यात मोटरसायकल उभी असायची का, हे विचारायचे राहू नये.

मुद्देमाल कोणी घेतला, कधी सील केला, कोणाच्या ताब्यात होता, याची साखळी एकाही दिवसासाठी तुटू देऊ नका. मोठे उपकरण, मीटर किंवा पॅनेल उघडायचे असेल तर विमा कंपनी, उत्पादक आणि मालक यांना कळवून, सगळ्यांसमोर उघडा. एकट्याने उघडलेले यंत्र पुरावा म्हणून बाद होऊ शकते.

पायरी ८: शक्यता मांडा आणि त्या पाडायचा प्रयत्न करा

उगमाच्या परिसरात जे जे पेटवू शकत होते त्या सगळ्याची यादी करा. मग प्रत्येक शक्यता खरी ठरवायचा नव्हे, खोटी ठरवायचा प्रयत्न करा. जी टिकेल ती तुमची.

इथे एक सापळा आहे. 'वीज नव्हती, गॅस नव्हता, सिगारेट नव्हती, म्हणजे कोणीतरी लावली' असा निष्कर्ष बरीच वर्षे काढला जायचा. ज्या शक्यतेच्या बाजूने एकही पुरावा नाही ती केवळ बाकीच्या गेल्या म्हणून खरी ठरत नाही. एनएफपीए ९२१ ने २०११ च्या आवृत्तीत ही पद्धत शास्त्राला धरून नसल्याचे स्पष्ट केले. आग अपघाती, नैसर्गिक, मुद्दाम लावलेली किंवा अनिश्चित, अशा चार खणांत टाकायची असते, आणि 'अनिश्चित' हा चौथा खण नापासाचा शेरा नाही.

शक्यता कशी तपासायची याचा उत्तम नमुना म्हणजे लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकातली आग. १८ नोव्हेंबर १९८७ च्या संध्याकाळी लाकडी सरकत्या जिन्याखाली लहानशी आग दिसली. थोड्याच वेळात ज्वाला अचानक तिकीटघरात उसळल्या आणि ३१ जण गेले. घातपाताची कुजबूज झाली. तपासात जिन्याखाली वंगणात भिजलेली धूळ, काड्या, आणि आधी लागून आपोआप विझलेल्या लहान आगींचे चट्टे सापडले. स्थानकात धूम्रपानाला बंदी होती, पण बाहेर पडताना लोक जिन्यावरच सिगारेट शिलगावत. पेटती काडी फटीतून पडून आग लागू शकते का, हे तिथेच काड्या टाकून पाहिले. राहिला प्रश्न त्या अचानक उसळीचा. संगणकाने सांगितले की ज्वाला वर न जाता जिन्याच्या खाचेत आडव्या पडून वर धावल्या. कोणाचा विश्वास बसेना, म्हणून जिन्याची एक-तृतीयांश आकाराची प्रतिकृती बांधून पेटवली, आणि ज्वाला खरोखरच आडव्या झाल्या. तीस अंशांच्या उतारावरच्या खाचेत असे होते, हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्याकडे प्रतिकृती बांधायला पैसे मिळणार नाहीत. पण तोच सॉकेट, तेच कापड घेऊन मोकळ्या, सुरक्षित जागी दलाच्या देखरेखीखाली छोटी चाचणी घेता येते.

पायरी ९: कोणाला सामील करायचे

अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि सर्वेअरचा अहवाल हे तीन स्वतंत्र कागद असतात आणि बऱ्याचदा एकमेकांवरून उतरवलेले असतात. ते होऊ देऊ नका. विजेमुळे कोणी दगावले किंवा जखमी झाले असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते. भारतीय न्याय संहितेत आगीबाबतचा निष्काळजीपणा कलम २८७ मध्ये, आणि घर, इमारत जाळण्याच्या हेतूने लावलेली आग कलम ३२६ मध्ये येते. दुसऱ्या गुन्ह्याला मोठी शिक्षा आहे. अशा, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६(३) न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणे अपेक्षित धरते, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. महाराष्ट्रात नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. पेट्रोलियम किंवा स्फोटकांचा साठा असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'ला (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेला) विसरू नका.

पायरी १०: अहवाल

अहवालात पाहिलेले आणि अनुमान वेगळ्या परिच्छेदांत लिहा. 'पूर्व भिंतीवर जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर सॉकेट, त्यातील फेजचा सांधा वितळलेला, न्यूट्रल शाबूत' हे पाहिलेले. 'सैल सांध्यामुळे' हे अनुमान, आणि त्यापुढे कारणे हवीत. खात्रीची पातळीही लिहा: इतर सर्वांपेक्षा जास्त संभवनीय, की नुसते शक्य. 'शक्य' असेल तर कारण अनिश्चित म्हणून नोंदवा.

फोटोंची क्रमवार यादी, मापांसह नकाशा, नमुन्यांचे क्रमांक आणि ताब्याची नोंद जोडा. सोबत फेटाळलेल्या शक्यता आणि प्रत्येक का फेटाळली, हेही. उलटतपासणीत वकील तुमचा निष्कर्ष बाजूला ठेवून आधी या यादीकडेच वळतो, आणि गाळ्यातल्या इन्व्हर्टरचा तिच्यात उल्लेखच नसेल तर पुढचा तास त्या इन्व्हर्टरवर जातो.